सहा टक्के कार्बन कुठे गेला?

नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावातील विद्यापीठात मी सूक्ष्मजीवांचे जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि पदव्युत्तर वर्गाला पहिल्या आठवड्यात जे सांगते ते किराणा दुकानदाराच्या वहीत शोभावे इतके साधे आहे: जेवढा कार्बन आत घातला, तेवढा कार्बन बाहेर आला पाहिजे. यीस्टला साखर दिली, तर त्या साखरेतील कार्बन एकतर यीस्टच्या अंगात जाईल, किंवा अल्कोहोल, ग्लिसरॉल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या रूपाने बाहेर पडेल. या सर्वांची मोजदाद करून बेरीज मूळ साखरेशी ताडून पाहायची, एवढेच काम असते. पुण्याला आले की माझे नातेवाईक आणि जुने सहाध्यायी विचारतात की तिकडे नेमके वेगळे काय शिकवतात, आणि मला दरवेळी हा ताळेबंदच आठवतो.

ताळेबंद मांडण्यासाठी आम्ही जे उपकरण वापरतो त्याला केमोस्टॅट म्हणतात. काचेच्या भांड्यात यीस्ट वाढत असते, एका नळीने ताजे द्रावण ठरावीक वेगाने आत येते आणि तेवढेच द्रावण यीस्टसह दुसऱ्या नळीने बाहेर जाते, त्यामुळे भांड्यातील पातळी कायम राहते. ताशी एक दशांश भाग द्रावण बदलत असेल, तर यीस्टलाही त्याच वेगाने वाढावे लागते, कारण त्यापेक्षा मंद वाढणारे यीस्ट हळूहळू वाहून जाते. ही कल्पना १९५० साली फ्रान्समध्ये जाक मोनो यांनी आणि अमेरिकेत नोव्हिक व झिलार्ड यांनी स्वतंत्रपणे मांडली. भांड्यातील द्रावण साधारण पाच वेळा पूर्ण बदलले की सर्व काही स्थिर होते, असा आमचा ठोकताळा आहे. वर सांगितलेल्या वेगाने त्याला सुमारे पन्नास तास लागतात, आणि ते बहुतेक वेळा रविवारी पहाटे पूर्ण होतात. अशा वेळी कालव्याकाठच्या रस्त्याने सायकलवरून प्रयोगशाळेत पोहोचायचे, नमुना गाळायचा, गाळणकागद वाळवून वजन घ्यायचे, हे विद्यार्थ्यांच्या बरोबरीने मलाही करावे लागते आणि ते मला मनापासून आवडते.

गेल्या हिवाळ्यात एका गटाचा हिशेब जुळेना. हे यीस्ट ऑक्सिजनशिवाय वाढवायचे होते, म्हणून भांड्यातून सतत नायट्रोजन वायू सोडला होता. ऑक्सिजन नसेल तर यीस्टला एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ल हे पेशीच्या आवरणाला लागणारे पदार्थ स्वतः तयार करता येत नाहीत, ही गोष्ट १९५३-५४ पासून माहीत आहे. म्हणून ते दोन्ही पदार्थ द्रावणात मिसळले होते, आणि यीस्ट चांगले वाढलेही होते. परंतु शंभर भाग कार्बन आत घातला असताना बाहेर चौऱ्याण्णवच सापडत होता. त्या गटात सांगलीचा एक विद्यार्थी होता. इथल्या रीतीप्रमाणे तो इंग्रजीत बोलताना मला माझ्या पहिल्या नावाने हाक मारतो आणि मराठीकडे वळला की त्याच क्षणी ‘मॅडम’ म्हणतो. इतर जण बाजूला गेल्यावर त्याने हळूच विचारले, “मॅडम, सहा टक्के म्हणजे एक्सपेरिमेंटल एरर, असं लिहून पुढे जाऊ का?”

त्या प्रश्नात मला माझीच विद्यार्थिदशा दिसली. ज्या महाविद्यालयात मी बी.एस्सी. केले, तिथे प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये रीडिंग कसे ‘बसवायचे’ हे वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गाला शिकवत असत. विकराच्या वेगाचा आलेख सरळ यायला हवा, तर आधी रेषा आखायची आणि मग बिंदू तिच्या आसपास मांडायचे. आम्ही आळशी नव्हतो. चयापचयाचे सगळे मार्ग आम्हाला तोंडपाठ होते आणि तोंडी परीक्षेत आम्ही ते न अडखळता म्हणून दाखवत असू. पण एका तासात चाळीस जणांनी एक रंगमापक वापरायचा असेल आणि गुण ‘बरोबर’ उत्तराला मिळणार असतील, तर चुकलेल्या आकड्याकडे थांबून पाहण्याची फुरसत कोणाला मिळणार? आम्ही त्या आकड्यांतून काय काय गमावले असेल, याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून मी त्याला अहवाल लिहिण्याऐवजी ते सहा टक्के शोधायला सांगितले. गटाने आधी पंप तपासला, मग तराजू, मग साखर आणि अल्कोहोल मोजण्याचे यंत्र. सगळे ठीक होते. चौथ्या दिवशी त्यांच्यापैकी एका मुलीचा हात भांड्यावरच्या शीतकाला लागला आणि तो कोमट होता. बाहेर जाणाऱ्या वायूतील वाफ थिजवून परत भांड्यात सोडण्यासाठी हा शीतक सुमारे चार अंशांवर ठेवायचा असतो. त्याचा थंड पाण्याचा पुरवठाच बंद पडलेला होता. नायट्रोजनचे बुडबुडे भांड्यातून बाहेर पडताना अल्कोहोलही सोबत घेऊन जात होते.

शीतक सुरू करून मोकळे होता आले असते, पण तसे न करता त्यांनी आणखी दोन दिवस घालवले. भांड्यात यीस्टशिवाय फक्त द्रावण आणि माहीत असलेल्या प्रमाणात अल्कोहोल भरले, वायूचा वेग आणि कोमट शीतक पूर्वीसारखेच ठेवले, आणि दर काही तासांनी अल्कोहोल किती उरले ते मोजले. भांड्यातील अल्कोहोल दर तासाला एक टक्क्याहून किंचित अधिक वेगाने उडून जात होते. केमोस्टॅटमध्ये तेच भांडे ताशी दहा टक्के वेगाने बदलत असल्याने, तयार झालेल्या अल्कोहोलचा सुमारे दहावा हिस्सा हवेत गेला असणार. साखरेतील निम्म्याहून थोडा अधिक कार्बन अल्कोहोलमध्ये जातो, म्हणजे त्याचा दहावा हिस्सा साधारण पाच-साडेपाच टक्के. हरवलेला कार्बन जवळजवळ पूर्ण सापडला होता. फळ्यावर हा गुणाकार करताना त्या सांगलीच्या मुलाचा चेहरा जो उजळला, तो पाहण्यासाठी मी हा पेशा धरला आहे.

या गावात अशा न जुळलेल्या हिशेबाची परंपरा मोठी आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी येथील यीस्टच्या जुन्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याचा एक प्रायोगिक संच चालू होता. त्या संचात ऑक्सिजन नव्हता, तरीही अमोनिया नाहीसा होत होता आणि त्याच्या बरोबरीने नायट्रोजन वायू बाहेर येत होता. तोवर क्रमिक पुस्तके सांगत होती की अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या जीवाणूंना ऑक्सिजन लागतोच. त्या संचाकडे पाहणाऱ्या आर्नोल्ड मुल्डर यांनी ‘मापनातील चूक’ असा शेरा मारून ती वही मिटली असती, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. त्यांनी आकड्यांवर विश्वास ठेवला, विद्यापीठातील खिस क्युनेन यांच्या गटाने तो धागा पकडला, आणि अमोनियम व नायट्राइट यांची थेट सांगड घालून नायट्रोजन वायू तयार करणारे जीवाणू समोर आले. या क्रियेला आता अ‍ॅनामॉक्स म्हणतात. ऑस्ट्रियातील एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ सालीच केवळ ऊर्जेच्या गणितावरून लिहिले होते की असा जीव निसर्गात असायला हवा. पण तो कोणी पाहिलेला नव्हता.

हे जीवाणू विलक्षण संथ आहेत. प्रयोगशाळेतील ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर अ‍ॅनामॉक्सच्या पहिल्या मोजमापांत दुप्पट होण्याचा काळ सुमारे अकरा दिवस भरला. रोटरडॅममध्ये २००२ साली त्यांच्यासाठी पहिला मोठा, सत्तर घनमीटरचा संच उभारला गेला, तेव्हा तो पूर्ण क्षमतेने चालू व्हायला साडेतीन वर्षे लागली. परंतु त्यांच्यामुळे हवा पुरवण्यासाठी लागणारी वीज पुष्कळ वाचते आणि बाहेरून सेंद्रिय कार्बन घालावा लागत नाही, म्हणून आज जगभर त्यांचे संच चालतात. शिवाय समुद्रातून नाहीशा होणाऱ्या नायट्रोजनचा मोठा वाटा याच जीवाणूंमुळे जातो, हेही नंतर उघड झाले. प्रयोगशाळेत ते एकमेकांना चिकटून वाढतात आणि त्यांचे दाणे डाळिंबासारखे लाल दिसतात. शाळेतील मुले भेटीला आली की मी आधी तेच दाखवते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याचाही या गावाशी संबंध आहे, आणि तो त्याला ठाऊक नसला तरी मला त्याचे फार अप्रूप आहे. पेरणीच्या आधी आपल्याकडे बियाण्याला रायझोबियम किंवा अ‍ॅझोटोबॅक्टर हे हवेतील नायट्रोजन पकडणारे जीवाणू चोळतात. अडीचशे ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून दहा किलो बियाण्याला लावायचे आणि सावलीत सुकवायचे, हे माझ्या मामांनी मला लहानपणी दाखवले होते. हे दोन्ही जीवाणू पहिल्यांदा वेगळे काढले ते डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनुस बेयरिंक यांनी. रायझोबियम त्यांनी १८८८ साली मिळवला, तेव्हा ते येथील यीस्टच्या कारखान्यात नोकरीला होते; अ‍ॅझोटोबॅक्टर १९०१ साली, तेव्हा ते विद्यापीठात प्राध्यापक होते. अ‍ॅझोटोबॅक्टर मिळवण्याची त्यांची रीत आम्ही आजही पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतो. चंचुपात्रात नायट्रोजनचे कोणतेही संयुग नसलेले, मॅनिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचे पातळ द्रावण घ्यायचे, त्यात चिमूटभर बागेतील माती टाकायची आणि वाट पाहायची. मातीत असंख्य जाती असतात, पण हवेतील नायट्रोजनवर गुजराण करू शकणारेच तेथे फोफावतात. काही दिवसांत द्रावणावर साय धरते. मी विद्यार्थ्यांना सांगते की जीवाणूला शोधत फिरू नका, त्याला हवे तसे घर बांधा, तो आपणहून राहायला येईल.

बेयरिंक यांच्यानंतर १९२१ साली त्यांची जागा अल्बर्ट क्लॉयव्हर यांनी घेतली. निरनिराळ्या जीवाणूंच्या आंबवणीचे ताळेबंद मांडता मांडता त्यांच्या लक्षात आले की वरवर भिन्न दिसणाऱ्या या सगळ्या क्रिया मुळात हायड्रोजनच्या देवाणघेवाणीच्या आहेत, आणि १९२६ साली त्यांनी आपले सहकारी डाँकर यांच्यासह जीवरसायनाच्या एकत्वावर प्रसिद्ध निबंध लिहिला. मी शिकवते त्या ताळेबंदाचे मूळ तेथे आहे.

माझे स्वतःचे या गावाशी नाते मात्र वेगळ्या वाटेने जुळते. माझे बालपण पिंपरीच्या एच.ए. कॉलनीत गेले. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बाबा फर्मेंटेशन विभागात होते, आणि रात्रपाळीहून आले की त्यांच्या कपड्यांना मक्याच्या मळीचा आंबूस वास येत असे. डेल्फ्टला आल्यावर मला समजले की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या या गावातील यीस्टच्या कारखान्यात काही संशोधकांनी गुपचूप पेनिसिलिन तयार केले होते, आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याला ‘बॅसिनॉल’ हे सांकेतिक नाव दिले होते. ही हकिकत मी फोनवर सांगितली तेव्हा बाबांनी आधी विचारले की गाळणीनंतर उतारा किती पडत होता. चाळीस वर्षे फर्मेंटरवर उभ्या राहिलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि तो कार्बनच्या ताळेबंदाचाच प्रश्न होता.

सांगलीच्या त्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी अ‍ॅनामॉक्स निवडले आहे. यीस्टवर काम केले असते तर चार महिन्यांत भरपूर आकडे हाती आले असते, हे मी त्याला सांगितले होते. त्याने ऐकून घेतले आणि तरीही लाल दाणेच मागितले. रोज सकाळी तो अमोनियम, नायट्राइट, नायट्रेट आणि बाहेर पडणारा नायट्रोजन वायू मोजतो आणि नायट्रोजनची बेरीज भिंतीवरच्या तक्त्यावर लिहितो. काल ती सत्त्याण्णव होती. उरलेल्या तीन टक्क्यांसाठी तो आज दुपारपासून वायूची नळी तपासतो आहे.