गॅलियमची चौकट

भिंतीवरच्या तक्त्यात हल्ली मूलद्रव्यांची आवर्तसारणी कशी भरगच्च दिसते! ११८ चौकटी, एकही रिकामी नाही. मला मात्र तिचं जुनं, भोकं पडलेलं रूप जास्त आवडतं.

१८६९ मध्ये रशियन रसायनज्ञ मेंडेलीव्हने सारणी मांडली तेव्हा ६३च मूलद्रव्यं माहीत होती. गुणधर्म जुळेनात तिथे त्याने ओढूनताणून भरणा केला नाही, जागा मोकळी सोडली. त्याच्यावर कडी म्हणजे, त्या जागी जे येईल ते कसं असेल हेही तो सांगून बसला. अल्युमिनियमच्या खालच्या न सापडलेल्या मूलद्रव्याला त्याने एका-अल्युमिनियम म्हटलं. अणुभार ६८च्या आसपास, घनता पाण्याच्या ५.९ पट, सहज वितळणारा धातू, आणि सापडेल तो बहुधा वर्णपटातून, म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या रंगीत रेघांवरून.

१८७५ मध्ये ल्कॉक द ब्वाबोद्रां या फ्रेंच रसायनज्ञाला जस्ताच्या खनिजातून काढलेल्या नमुन्याच्या वर्णपटात दोन अनोळखी जांभळ्या रेघा दिसल्या. हेच गॅलियम. त्याने मोजलेली घनता आली ४.७. मेंडेलीव्हने ते मूलद्रव्य डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं, तरी त्याने दूरवरून कळवलं की पुन्हा मोजा, नमुना शुद्ध नसावा. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर आकडा आला ५.९! धातू हाती असलेल्या माणसाचं काय झालं असेल, याची कल्पना करायला मला फार आवडतं. (मेंडेलीव्हचं प्रत्येक भाकीत खरं ठरलं असं मात्र नाही. हायड्रोजनहूनही हलकी मूलद्रव्यं असतील असं तो म्हणत असे. ती कुठेच नाहीत.)

आज या चौकटीवर ३१ हा अणुक्रमांक आहे. तिच्या गणात, म्हणजे उभ्या रांगेत, अल्युमिनियमपासून खाली द्रवणांक वाचत जा: अल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअस, गॅलियम जेमतेम ३०, इंडियम १५७. मधेच एवढा खड्डा! घन गॅलियममध्ये अणू जोड्या करून राहतात आणि थोड्याशा उष्णतेनेही ती मांडणी मोडते. म्हणून तळहातावर ठेवलेला चकचकीत तुकडा बघता बघता ओघळू लागतो. पुन्हा गोठताना तो पाण्यासारखा फुगतो, त्यामुळे काचेच्या बाटलीत ठेवणं धोक्याचं.

अल्युमिनियमपासून गॅलियमपर्यंत येताना वाटेत सारणीच्या मधल्या पट्ट्यातले दहा धातू, म्हणजे संक्रमण धातू, लागतात. त्यांच्या वाटेने आलेले दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ पुरती झाकत नाहीत, बाहेरचे इलेक्ट्रॉन आत ओढले जातात, त्यामुळे सारणीत खालच्या मजल्यावरचा असूनही गॅलियमचा अणू अल्युमिनियमएवढाच राहतो. परिणामी बॉक्साइटमध्ये तो अल्युमिनियमच्या जागी बेमालूम शिरतो. त्याची स्वतःची म्हणावी अशी खाण जवळजवळ नाहीच. अल्युमिनियम काढताना उरल्यासुरल्यातून त्याला वेचतात. पोटभाडेकरूच म्हणा ना!

या पोटभाडेकरूशिवाय आज घरातला पांढरा एलईडी दिवा लागत नाही, कारण त्यातला निळा प्रकाश गॅलियम नायट्राइडचा. निळ्या एलईडीबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि घरमालकाशी त्याची वागणूक? द्रव गॅलियमचा थेंब अल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून वरचा ऑक्साइडचा थर जरा खरवडा. थेंब आत स्फटिकांच्या सांध्यांमध्ये झिरपतो, आणि काही तासांनी तो पत्रा बोटांनी चुरगळता येतो. विमानाच्या सामानात गॅलियम नेण्यावर कडक बंधनं आहेत ती याचमुळे.