केपमधील डचकालीन गावे: केप टाउन ते स्वेलेंडॅम

दक्षिण आफ्रिकेतील सर्वांत जुनी वसाहतकालीन गावे ज्या क्रमाने वसली त्याच क्रमाने पाहावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केवळ जहाजांना ताजे अन्नपाणी पुरवण्यासाठी उभारलेले ठाणे तेथील मूळच्या पशुपालक खोईखोई लोकांची कुरणे बळकावत आतल्या प्रदेशात कसे पसरले, हे त्यामुळे प्रवासातच समजत जाते.

केप टाउनमधील पंचकोनी किल्ल्याचे बांधकाम १६६६ मध्ये सुरू झाले. आज शहरात वेढलेल्या या किल्ल्याच्या तटापर्यंत तेव्हा समुद्र येत असे. परंतु त्याआधी कंपनीच्या बागेशेजारील 'स्लेव्ह लॉज' अवश्य पाहावे. १६७९ च्या या इमारतीत कंपनीचे गुलाम कोंडले जात. आता तेथे संग्रहालय आहे. मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियाबरोबरच बंगाल, मलबार व कोरोमंडल किनाऱ्यावरूनही माणसे येथे विकत आणली गेली होती. बंगालमधून आणलेली आन्सेला १६६६ मध्ये मुक्त झाली, हे नोंदींत आढळते. जवळच्या चर्च स्क्वेअरमधील काळ्या ग्रॅनाइटच्या ठोकळ्यांवर गुलामांची नावे कोरलेली आहेत. भारतीय प्रवाशाने तेथे निवांत थांबावे, कारण पुढच्या गावांतील पांढऱ्याशुभ्र भिंतींमागे कोणाचे श्रम आहेत, हे त्यानंतर नजरेआड होत नाही.

सुमारे ५० किलोमीटरवरील स्टेलनबॉश १६७९ मध्ये केपमधील कंपनीचा तत्कालीन प्रमुख सिमॉन व्हान डर स्टेल याने वसवले. ओकच्या सावलीतील डॉर्प स्ट्रीट पायीच पाहावी. ग्राम संग्रहालयातील १७०९ चे श्रूडर घर आणि त्यानंतरची श्रीमंत घरे लागोपाठ पाहिली की वसाहतीची वाढती संपत्ती स्पष्ट दिसते.

स्वेलेंडॅम केप टाउनपासून सुमारे २२० किलोमीटरवर, एन-२ महामार्गावर आहे. तेथील १७४७ चे ड्रॉस्टडी, म्हणजे कंपनीच्या दंडाधिकाऱ्याचे निवासस्थान व कचेरी, आता संग्रहालय आहे. ट्युलबाख हे आणखी एक डचकालीन गाव मात्र वेगळ्या दिशेला असल्यामुळे त्यासाठी स्वतंत्र दिवस राखावा. १९६९ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेली तेथील चर्च स्ट्रीट पूर्ववत उभारण्यात आली आहे.

या गावांसाठी भाड्याची मोटार सोयीची ठरते, आणि वाहतूक डावीकडून असल्याने आपल्याला ती चालवणे अवघड जात नाही. लांबचे टप्पे दिवसाउजेडी पार करावेत. वाहनतळावर गाडी राखणाऱ्यांसाठी काही सुटे रँड जवळ असावेत. लहान गावांतील संग्रहालये रविवारी उघडी असतात की नाही, याची आधी चौकशी करूनच मुक्काम ठरवावा.