पाचशे वर्षं टिकलं, मग आता कसली भीती?

माचू पिक्चूचे फोटो दाखवले की हा प्रश्न ठरलेला : ‘चुना नाही, सिमेंट नाही, तरी पाचशे वर्षं उभं आहे. मग जतनाचा एवढा गाजावाजा कशाला?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. माझा धंदा रस्त्याकडेच्या गटारांचा, त्यामुळे उत्तरही तिथूनच सुरू होणार.

इंका राजा पाचाकुतीच्या काळात, १४५० च्या सुमारास, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, दोन शिखरांमधल्या धारेवर ही वस्ती बांधली. उंची २,४३० मीटर, पाऊस वर्षाला जवळजवळ २,००० मिलिमीटर, खाली भेगाळलेला ग्रॅनाइट, त्यात भूकंपाचा प्रदेश. अशा जागी भिंतीच्या आधी पाण्याची वाट ठरवावी लागते. त्यांनी ती ठरवली. डोंगरउतारावरच्या टप्प्याटप्प्यांच्या शेतांत वर माती, तिच्याखाली वाळू-खडी, तळाला मोठे दगड. पाणी मुरतं, पण भिंतीला रेटत नाही. शिवाय भिंतींत निचऱ्याची शंभराहून जास्त भोकं. (आपल्याकडे संरक्षक भिंतीत ‘वीप होल’ ठेवा म्हटलं की ठेकेदाराच्या कपाळाला आठ्या!) केनेथ राइट या अमेरिकी जल-अभियंत्याच्या अंदाजाप्रमाणे इथलं साठ टक्के बांधकाम जमिनीखालीच आहे. सगळे भिंतींचे फोटो काढत होते, मी भोकांचे. बायकोने हात जोडले.

म्हणजे पावसाची सोय झाली होती, पायांची नव्हती. जिथे हजारभर माणसंही राहत नसावीत, तिथे २०२४ पासून रोज ४,५०० जणांना सोडतात, गर्दीच्या ठरावीक दिवशी ५,६०० जणांना. दगड झिजले म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये सूर्यमंदिर, कोंडोरचं (तिथल्या मोठ्या गिधाडाचं) मंदिर आणि इंतिवाताना हे तीन भाग काही काळ बंद ठेवावे लागले. इंतिवाताना म्हणजे डोंगराच्याच खडकातून कोरलेला पवित्र दगड. २००० साली बिअरच्या जाहिरातीचं शूटिंग चालू असताना क्रेन आदळून त्याचा कोपरा उडाला. पावसाने नव्हे.

आता वेळेचं तिकीट, आखलेले मार्ग, काठीला रबरी टोपण, असे नियम आहेत. पर्यटक कुरकुरतात, मला ते कमीच वाटतात. पण पायथ्याच्या आग्वास काल्येंतेस गावाचं पोट याच गर्दीवर चालतं, त्यामुळे आकडा खाली आणायला कोण धजावणार? त्या गावाचीही गत नाजूकच. २००४ मध्ये तिथे दरड कोसळून जीव गेले; जानेवारी २०१० च्या पुरात रेल्वेमार्ग वाहून गेला आणि हजारो प्रवाशांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं.

त्यात चिंचेरोला, म्हणजे दुसऱ्या एका इंका वस्तीशेजारी, नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधताहेत. पुरातत्त्वज्ञांनी विरोध केला, तरी काम थांबलेलं नाही. विमानं उतरायला लागली की ४,५०० चा आकडा पाळला जाईल, यावर माझा तरी विश्वास नाही.