सोमवारची मैफल

अमेरिकेतल्या बफेलोत राहतो म्हटलं की मिरजेहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर दोन प्रश्न ठरलेले. बर्फ किती पडला, आणि नायगारा किती लांब. बर्फ भरपूर, नायगारा अर्ध्या तासावर. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून आज न विचारताच सांगतो: या गावात ९ मे १९७७ ला एक मैफल झाली, तिचं ध्वनिमुद्रण आहे, आणि खुद्द बफेलोतले लोकही ते ऐकत नाहीत.

बँडचं नाव ग्रेटफुल डेड. कॅलिफोर्नियातला रॉक बँड, १९६५ सालचा. यांचं सगळं आपल्या बैठकीसारखं. बंदिश ठरलेली, बढत त्या रात्रीची. रोज गाण्यांची यादी वेगळी, आणि तेच गाणं एके दिवशी सहा मिनिटांत आटोपेल, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं रेंगाळेल. तीस वर्षांत दोन हजारांवर कार्यक्रम झाले. त्यामुळे चाहते अल्बमांची कमी आणि तारखांचीच जास्त चर्चा करतात. रेकॉर्डिंगला बँडची आडकाठी नव्हती. १९८४ पासून तर टेपवाल्यांना सभागृहात बसायला वेगळी जागाच दिली. एकच अलिखित नियम होता: कॅसेट विकायची नाही, फक्त अदलाबदल.

हा व्यवहार मला नवा नव्हता. आमच्याकडे बाबांच्या कपाटात खासगी मैफलींच्या कॅसेटी असायच्या, कुणाकुणाकडून 'दोन दिवसांत परत देतो' म्हणून आणून उतरवून घेतलेल्या. कार्डावर बारीक अक्षरात राग, गाव, तारीख, तबल्यावर कोण. द्रुत रंगात आली की नेमकी बाजू संपायची. अजूनही काही ताना मला खटकन तुटलेल्याच आठवतात.

शेजारी एक गृहस्थ आहेत, सत्तरीला टेकलेले. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मला ते काही जमत नाही, मी 'सर' म्हणतो आणि ते वैतागतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गॅरेज आवरायला काढलं तेव्हा बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी माझ्या हातात ठेवल्या. मॅक्सेलच्या, नव्वद मिनिटांच्या. कार्डावर तारीख, गाव, आणि दोन गाण्यांच्या मध्ये बाण. बाण म्हणजे न थांबता पुढच्या गाण्यात शिरले. विलंबितातून द्रुतात जावं तसं, फक्त इथे बंदिशच बदलते.

खोक्यात ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठ, या मैफलीच्या तीन प्रती होत्या. एकीवरची छापील अक्षरं बोटांनी घासून पार पुसलेली. शेजारीच ९ मे, बफेलो. एकच प्रत, कोरी करकरीत.

कॉर्नेलची कथा या मंडळींना तोंडपाठ असते. रविवार, मदर्स डे, इथाका गावातला बार्टन हॉल, आणि मे महिन्यात बाहेर बर्फ. सर्वोत्तम मैफल कोणती, असं विचारलं की निम्मे लोक हीच तारीख सांगतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिला जागा दिली. आणि दुसऱ्या दिवशी तीच मंडळी, तीच वाद्यं घेऊन, अडीच तासांच्या रस्त्यावर बफेलोच्या मेमोरियल ऑडिटोरियममध्ये वाजवत होती. सोमवार होता. रविवारच्या पुरणपोळीनंतर सोमवारच्या आमटीभाताचं कोण कौतुक करतो?

दोन्ही रात्री ध्वनिमुद्रण केलं बेटी कँटर-जॅक्सन यांनी. प्रेक्षकांना ऐकू येणाऱ्या आवाजावर न विसंबता त्या स्वतःचं वेगळं मिश्रण करून रिळांवर घेत. आवाज इतका स्वच्छ की बँडमधल्या फिल लेशचं बास गिटार वेगळं काढून ऐकावं. पुढे त्यांच्यावर वाईट दिवस आले. भाड्याच्या गोदामात ठेवलेली रिळं भाडं थकल्यामुळे १९८६ मध्ये लिलावात गेली आणि हातोहाती पसरली. २०१७ मध्ये त्या आठवड्यातल्या चार मैफली सीडींच्या एका पेटीत अधिकृतपणे आल्या. त्या वेळी सुटी मिळत होती फक्त कॉर्नेल. बफेलो हवं तर अख्खी पेटी घ्या.

आता बफेलोच का, ते सांगतो. सुरुवातीलाच 'हेल्प ऑन द वे', त्यातून 'स्लिपनॉट', त्यातून 'फ्रँकलिन्स टॉवर'. अवघड जागा, आडवळणाची लय, आणि हात गरम व्हायच्या आधीच. आपल्याकडे कुणी आल्या आल्या तराणा धरावा तसं. एरवी हे लोक पहिली दोन-तीन गाणी वाद्यं लावण्यात घालवतात (चाहत्यांनी रागावू नये), पण इथे पहिल्या फटक्यालाच सगळे समेवर.

दुसऱ्या भागात 'एस्टिमेटेड प्रॉफेट' येतं, सात मात्रांचं. बोटांवर मोजून पाहा, रूपक. ते संपता संपता 'द अदर वन'कडे वळतात आणि लय तीन-तीनच्या झोळात शिरते. तबला वाजवणारे माझे काका हसतील, पण मला तिथे दादऱ्याची चाल ऐकू येते. अगदीच ओढूनताणून नाही हं. दोन ड्रमरांपैकी मिकी हार्ट यांनी आपल्या अल्लारखाँसाहेबांकडून तालाचे धडे घेतले होते, आणि १९७६ मध्ये झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'दिगा' नावाचा अल्बमही केला होता.

मग ड्रम, आणि पुढे अचानक 'कम्स अ टाइम'. संथ गाणं. बँडचा गायक आणि गिटारवादक जेरी गार्सिया, त्याचा आवाज काही कमावलेला नाही, किनरा आणि जरा थकलेलाच. शब्द संपल्यावर मात्र तो गिटारवर एकाच जागेभोवती घुटमळत राहतो, वर जातो, परत येतो, घाई म्हणून नाही. कॉर्नेलला हे गाणं झालंच नव्हतं. तेवढ्यासाठी मी कॉर्नेल सोडायला तयार आहे.

ते ऑडिटोरियम २००९ मध्ये पाडलं. त्या जागी आता कालवे आहेत आणि हिवाळ्यात त्यांवर बर्फात घसरायला पोरं जमतात. एकदा तिथे उभं राहून कानात हेच लावलं होतं. बायकोने विचारलं, एवढं काय ऐकतोयस? इथेच झालं होतं, म्हटलं. तिने बर्फाकडे पाहिलं आणि गरम चॉकलेटच्या रांगेत जाऊन उभी राहिली. गावातल्या लोकांना सांगावं तर ते म्हणतात, "ते १९८९ चं, स्टेडियममधलं ना?" नाही हो.

शेजारच्या सरांना विचारलं, तुमची बफेलोची कॅसेट एवढी नवी कशी? ते रविवारी मित्रांबरोबर गाडी काढून इथाकाला गेले होते. सोमवारी कारखान्यात दुसरी पाळी, आणि रविवारसाठी आधीच एक रजा खर्ची पडलेली. घरापासून वीस मिनिटांवर मैफल चालू होती आणि हे पाळीवर. कॅसेट नंतर कुणीतरी दिली. "ऐकून काय करू? चांगली निघाली तर?"

गेल्या जानेवारीत त्यांच्या अंगणातला बर्फ काढायला गेलो होतो. गॅरेजमध्ये जुना कॅसेट प्लेअर होता, मी बफेलो लावलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. पहिली बाजू संपली, उलटवली. पहिला भाग पूर्ण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी दुसरी कॅसेट हातात घेतली तसे ते उठले, हातमोजे घातले आणि म्हणाले, "आज एवढंच. जेवायची वेळ झाली."

दुसरी कॅसेट अजून त्यांच्याच गॅरेजमध्ये आहे, प्लेअरच्या वर.