वॉकला फिल्डर कुठे लावणार?

आमच्या मॅनेजरला (इकडे मॅनेजर म्हणजे मुख्य कोच) सगळे स्किप म्हणतात, म्हणजे बेसबॉलमध्ये बहुतेक सगळ्याच मॅनेजरना म्हणतात, आणि मला सगळे क्रिकेट म्हणतात. माझं खरं नाव उच्चारायचा प्रयत्न पहिल्या आठवड्यात दोघातिघांनी केला, मग नाद सोडला. मी मूळचा सांगलीचा, इकडे अमेरिकेत एमएस करायला आलो आणि फिरत फिरत एका मायनर लीग टीमकडे व्हिडिओ आणि डेटाच्या कामाला चिकटलो. टीमचं नाव सांगत नाही, अजून तिथलाच पगार खातोय. लेव्हल हाय-ए, म्हणजे मेजर लीगच्या खाली तिसरी पायरी. काम काय तर प्रत्येक पिचचा (इथे पिच म्हणजे खेळपट्टी नाही, टाकलेला बॉल) व्हिडिओ घ्यायचा, किती वेगाने आला, किती हलला, कुठून गेला ते नोंदवायचं आणि मॅच संपली की कोचेसना रिपोर्ट द्यायचा. ऐकायला भारी वाटतं पण निम्मा वेळ केबली गुंडाळण्यात आणि बसमध्ये मान वाकडी करून झोपण्यात जातो.

स्किप जुना कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा बॅटरच्या मागे बसणारा. गुडघे गेलेत, जिना चढताना कठड्याला धरून चढतो, आणि त्याचं एकच तुणतुणं, स्ट्राईक टाका.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. होम प्लेट, म्हणजे बॅटरसमोरची जमिनीतली पाटी, १७ इंच रुंद असते. आपले तीन स्टंप मिळून ९ इंच, म्हणजे जवळजवळ दुप्पट जागा आणि पिचर टाकतो ते ६० फूट ६ इंचांवरून. उंचीला बॅटरच्या गुडघ्याच्या जरा खालून साधारण छातीपर्यंत. या चौकटीतून गेलेला पिच बॅटरने सोडला तरी स्ट्राईक, आणि चौकटीबाहेरचा सोडला तर त्याला म्हणायचं ‘बॉल’. हो, नावच बॉल, पहिला महिनाभर माझ्या डोक्याची मंडई झाली होती. असे चार बॉल झाले की बॅटर बॅट टाकून आरामात चालत पहिल्या बेसवर जातो, तो वॉक. हा चारचा नियम १८८९ पासून आहे, त्याच्या दहा वर्षं आधी तर नऊ बॉलपर्यंत मुभा होती. स्किपला हे मी एकदा सांगितलं तर म्हणाला, तेव्हा असतो तर मी बॅग भरून घरी गेलो असतो.

त्याचं लॉजिक साधं आहे. फटका मारला तर कोणीतरी पळेल, झेप घेईल, नऊमधले आठ जण त्यासाठीच उभे आहेत. ‘वॉकला फिल्डर कुठे लावणार?’ हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन. आणि पहिला पिच स्ट्राईक पाहिजे म्हणजे पाहिजेच. पहिला स्ट्राईक पडला की बॅटर पिचरच्या तालावर नाचतो आणि पहिला बॉल पडला की पिचर बॅटरच्या, हे माझ्या डेटातही दिसतं. मेजर लीगमध्ये पहिला पिच स्ट्राईक पडायचं प्रमाण साधारण ६० टक्के असतं. यात एक गंमत आहे, पहिल्याच पिचवर बॅटरने फटका मारला आणि बॉल मैदानात पडला किंवा अगदी होमरन जरी गेला तरी हिशोबात तो स्ट्राईकच धरतात. पुढे लागेल म्हणून सांगून ठेवतो.

खरं सांगायचं तर मला स्किप थोडा जुन्या जमान्यातला वाटायचा. वरून सगळं मागतात वेग, स्पिन, किती जण चुकले, आणि हा बाबा शाळेतल्या सरांसारखा लाईन-लेंथ लाईन-लेंथ करतोय.

तर मागच्या सीझनमधला एक मंगळवार. आमच्याकडे एक डॉमिनिकन पोरगं होतं, वीस वर्षांचं, डावखुरं, हात म्हणजे चाबूक. ९४ मैल, म्हणजे ताशी १५० किमी पार, आणि त्याचा सिंकर, म्हणजे शेवटी खाली दबणारा वेगवान पिच, आडवा पंधरा-सोळा इंच सरकायचा. अख्ख्या प्लेटएवढा! इंग्लिश जेमतेम, माझं स्पॅनिश त्याहून जेमतेम, पण आमचं जमायचं कारण दोघंही घरी रोज व्हिडिओ कॉल करणारे. मॅचच्या आधी दुपारी तो व्हिडिओ रूममध्ये आला आणि म्हणाला माझे नंबर दाखव. मी दाखवले. शेवटच्या चार मॅचेसमध्ये पहिला पिच स्ट्राईक ४४ टक्के. किती पाहिजे, त्याने विचारलं. ६०, मी म्हटलं. त्याने मान डोलावली आणि गेला. मला वाटलं वा, आज आपण काहीतरी उपयोगाचं काम केलं.

पहिली इनिंग ठीक गेली. दुसरीत पहिला बॅटर आऊट, आणि तिथून जे सुरू झालं ते माझ्या स्क्रीनवर बघताना पोटात गोळा आला. चार पिचेस, चार बॉल, सगळे बाहेर डावीकडे. पुढच्याला सहा पिचेस, वॉक. तिसऱ्याच्या वेळी तो टोपी काढायचा, आत बघायचा, परत घालायचा, पाठ फिरवून उभा राहायचा, एवढ्यात पिच क्लॉक (पिच टाकायला दिलेल्या वेळेचं घड्याळ) संपलं आणि अंपायरने न टाकताच एक बॉल देऊन टाकला. पिच न टाकता बॉल! वॉक. बेस भरले, म्हणजे तिन्ही बेसवर त्यांची माणसं. मी कॅमेरा जरा वाईड केला तर मागे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) बुटाने माती उकरत होता, सेंटर फिल्डर तर चक्क स्कोअरबोर्डच्या मागून चाललेल्या बदकांच्या थव्याकडे बघत होता, आणि त्यांना तरी काय बोलणार, पंधरा मिनिटं कोणाकडे बॉलच आला नव्हता. चौथा वॉक, सगळे एकेक बेस पुढे सरकले आणि एक रन फुकट आत. मग पोरगं घाबरलं आणि हात ढिला सोडून एक अलगद मधोमध टाकला, बॅटरने तो भिंतीपर्यंत धाडला आणि तिन्ही बेस रिकामे. चार रन, हिट एक. ३६ पिचेस झाले होते त्या एका इनिंगमध्ये. स्किप लंगडत माउंडपर्यंत, म्हणजे पिचरच्या उंचवट्यापर्यंत, गेला, बॉल घेतला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मग त्याच्या डोक्यावरची टोपी काढून आत बघितलं.

मॅच संपल्यावर मला ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर ती टोपी उलटी ठेवलेली. पुढच्या छज्ज्याच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने मोठ्ठं लिहिलेलं, ६०.

‘हा काय प्रकार आहे, क्रिकेट?’

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतंच. स्किप ओरडला असता तर बरं झालं असतं, त्याने फक्त डोळे चोळले. म्हणाला, तुझा आकडा बरोबर असेल रे, पण आज ते पोरगं मिटकडे (कॅचरचा जाड ग्लोव्ह) बघून टाकतच नव्हतं, टोपीत बघून टाकत होतं. आणि मग, मॅचच्या दिवशी कुठल्याही पिचरला तू एक नंबर जरी सांगितलास तर त्या केबलीने तुला डगआऊटला बांधून ठेवीन.

त्या रात्री झोप लागली नाही. एक शब्द आहे जो क्लबहाऊसमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही, यिप्स. हात चांगला असतो, दुखापत नसते आणि तरी पिचरला अचानक स्ट्राईक टाकताच येत नाही. पिट्सबर्गचा पिचर स्टीव्ह ब्लास, १९७१ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, सातवी मॅच जिंकून दिलेला माणूस, १९७२ मध्ये १९ मॅचेस जिंकला आणि १९७३ मध्ये ८८ आणि दोन तृतीयांश इनिंग्जमध्ये ८४ वॉक. कारण आजपर्यंत कोणाला नीट सांगता आलेलं नाही. २००० च्या प्लेऑफमध्ये सेंट लुईसच्या रिक अँकीलने एकाच इनिंगमध्ये पाच वाईल्ड पिच (कॅचरलाही न सापडणारे) टाकले, वय २१, पुढे पिचिंग सोडून त्याला आऊटफिल्डर म्हणून परत यावं लागलं. आणि त्या दिवशी समोरचा पिचर कोण, तर ग्रेग मॅडक्स, ज्याने १९९७ च्या अख्ख्या सीझनमध्ये वीस वॉक दिले होते, वीस! हे सगळं मला पाठ आहे आणि रात्री दोन वाजता एवढंच डोक्यात की मी एका वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात ६० घातलं.

शुक्रवारी त्याचं साईड सेशन होतं, म्हणजे दोन मॅचेसच्या मधे बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) पंचवीस-तीस पिचेस टाकतात ते. मी कॅमेरा लावायला गेलो तर स्किप स्वतः दोन बांबूसारखे खांब रोवत होता आणि त्यांना दोऱ्या बांधत होता, दोन आडव्या, दोन उभ्या, मधे स्ट्राईक झोनएवढी रिकामी चौकट. ही दोऱ्यांची युक्ती ब्रँच रिकीची, ज्याने गोऱ्यांच्या लीगमध्ये काळ्या जॅकी रॉबिन्सनला डॉजर्स टीममध्ये घेतलं तोच, फ्लोरिडातल्या व्हेरो बीचला डॉजर्सच्या कॅम्पमध्ये असायच्या अशा दोऱ्या. माझ्या गळ्यात काही हजार डॉलरचा कॅमेरा आणि समोर सुतळी.

‘ते बंद कर,’ स्किप म्हणाला. मी बंद केला.

पोरगं टाकायला लागलं. दोरीला बॉल लागला की टणक्‌ असा आवाज येतो, आणि चौकटीतून स्वच्छ गेला की काहीच नाही, फक्त मिटचा फाट्‌. पहिल्या दहात सात टणक्‌ आणि एकाने तर वरची दोरीच तुटली, ती स्किपने कॅचरच्या बुटाची लेस काढून परत बांधली, कॅचर एका बुटाचा तसाच बसला. हळूहळू फाट्‌ वाढले. आकडा सांगत नाही, मोजलाच नाही, मला परवानगी नव्हती.

मग स्किपने खांब उपटले आणि माझ्याकडे वळला. ‘क्रिकेट, हेल्मेट घाल. बॅट घे. फिरवायची नाही, नुसतं उभं राहायचं.’

मी म्हटलं स्किप, मी? तो म्हणाला, तूच नंबर दिलास ना, आता तूच नंबर हो. सगळे हसले. मी पाच फूट चार इंच. त्यावरून त्याला एडी गेडेलची आठवण झाली, १९५१ मध्ये सेंट लुईस ब्राऊन्सच्या मालकाने तीन फूट सात इंचांचा माणूस बॅटिंगला उतरवला होता, पाठीवर नंबर एक अष्टमांश, चारही पिचेस उंच गेले आणि वॉक. ‘हा त्याच्यापेक्षा तरी मोठा आहे,’ स्किप पोराला म्हणाला, ‘पण याला लागला तर व्हिडिओ कोण करणार, तेवढं बघ.’

मी आयुष्यभर टेनिस बॉल खेळलोय, दोन वर्षं लेदर बॉल. दीडशेचा बॉल स्क्रीनवर हजारो वेळा पाहिलाय. उभं राहिल्यावर कळतं की तो दिसत नाही, ऐकू येतो. शिवणीचा सर्रर्र असा आवाज येतो आणि तो संपायच्या आत मागे मिट वाजलेलं असतं. पहिले तीन पोराने माझ्या भीतीने पार लांब टाकले, कॅचरला लोळण घ्यावी लागली. माझी बॅट थरथरत होती, पोराचाही हात थरथरत असणार.

स्किप कॅचरच्या मागे जाऊन उभा राहिला. ‘मिट मधोमध ठेव,’ तो कॅचरला म्हणाला, ‘काही झालं तरी हलवायचं नाही.’ आणि पोराला, ‘कोपऱ्यावर टाकायचं कोणी सांगितलं तुला? मिटवर नेम धर. तुझा बॉल एवढा सरकतो, जाईल तो आपोआप कडेला.’

हे ऐकून मी हेल्मेटच्या आत कपाळावर हात मारायचा बाकी होतो. पंधरा-सोळा इंच सरकणारा बॉल कडेवर नेम धरून टाकला तर तो झोनच्या बाहेरच संपणार, हे माझ्याच चार्टवर तीन महिने लाल टिपक्यांत दिसत होतं, आजकाल मेजर लीगमध्येही कॅचर सर्रास मधे बसतात ते याच हिशोबाने, आणि मी काय सांगितलं होतं पोराला, तर ६०.

चौथा पिच माझ्या कमरेच्या रोखाने निघाला असं मी शपथेवर सांगेन, मी मागे झुकलो, डोळे मिटले, आणि मागे फाट्‌. डोळे उघडले तर मिट होतं तिथेच, मधून जेमतेम बोटभर बाजूला. पाचवा तसाच. सहावा तसाच. सातव्याला मी डोळे उघडे ठेवले. पोरगं माउंडवर हसत होतं, मंगळवारनंतर पहिल्यांदा, आणि मला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणालं, कॅचर म्हणाला तो विचारतोय चहा घेणार का, कारण मी एकदा त्याला मसाला चहा पाजला होता.

पुढच्या मंगळवारी आम्ही बाहेरगावी, बसने पाच तास. त्याची नवी टोपी होती, आत काहीही लिहिलेलं नव्हतं, मी मुद्दाम बघितलं. दुपारी तो व्हिडिओ रूमच्या दारात आला, मी लॅपटॉप झाकला, तो हसून गेला. मी होम प्लेटच्या मागे स्टँडमध्ये बसलो. स्किप डगआऊटच्या कठड्याला टेकून.

पहिला बॅटर, पहिला पिच. कॅचरचं मिट मधोमध. सिंकर ९४ चा निघाला आणि नेमका त्या एका वेळी सरकलाच नाही, सरळ मधून आला, आणि बॅटरने तो लेफ्ट फिल्डच्या भिंतीवरून पार गाड्यांच्या पार्किंगमध्ये पाठवला. त्यांच्या स्टेडियममध्ये भोंगा वाजला, शेजारची पोरं उड्या मारायला लागली. आमचा डगआऊट चिडीचूप.

फक्त एक माणूस टाळ्या वाजवत होता. स्किप, जोरजोरात, दोन्ही हात डोक्यावर नेऊन. पोराने त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि अंपायरकडे नवीन बॉल मागितला.

मी लॅपटॉपवर पहिल्या पिचच्या रकान्यात गेलो आणि लिहिलं, स्ट्राईक.