वर उरलेली ओळ

दुपारी एका नव्या, कोऱ्या फाइलीत जुनी फाइल आणायची होती. व्हिममध्ये, म्हणजे मी मजकूर लिहायला वापरतो त्या एडिटरमध्ये, कोलन, आर (दुसरी फाइल वाचून आत आणायची आज्ञा), फाइलचं नाव, एंटर. झालं. मजकूर निमूट येऊन बसला, पण कर्सर होता त्या ओळीच्या खाली. त्यामुळे वर एक रिकामी ओळ उरली. ती दरवेळी उरते. आरच्या आधी शून्य लावलं, तर मजकूर वर चढतो आणि तीच ओळ तळाला जाऊन बसते. म्हणजे जात नाहीच.

लहानपणी हे काम मी वहीवर करायचो. मधल्या पानावरच्या पिना नखाने उचकटायच्या, दुसऱ्या वहीतली दोन-चार जोडपानं आत सरकवायची, पिना पुन्हा दाबायच्या. एखादी बोटात घुसायचीच. घाईत एकच पान ओढून काढलं, तर त्या वहीत पलीकडचं पान सैल व्हायचं आणि आठवड्याभरात तेही गळून पडायचं. नेमकं त्याच्यावर काहीतरी महत्त्वाचं असायचं. आरमध्ये हे पाप नाही. मूळ फाइलीला पत्ताही लागत नाही.

केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये लिहिलेल्या एड या जुन्या एडिटरमध्येही हा आर भेटतो. जागा सांगितली नाही, तर तो मजकूर थेट शेवटी नेऊन ठेवतो. वर बोलणं किती, तर वाचलेल्या बाइटचा आकडा. आज्ञा कळली नाही, तर नुसतं प्रश्नचिन्ह. इतकं कमी बोलणारं कुणीतरी घरात असावं. दुसऱ्या एडिटरांत याच कामाला नॅनोवाले कंट्रोल आर दाबतात, इमॅक्सवाले कंट्रोल एक्स आणि मग आय. माउसने सगळं ओढून निवडणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फक्त त्यांच्या शेजारी बसवत नाही.

एकदा आरच्या जागी डब्ल्यू, म्हणजे फाइलीत लिहून ठेवायची आज्ञा, दाबलं गेलं. फाइल आधीच आहे, लिहायचंच असेल तर उद्गारचिन्ह लाव, असं व्हिमने बजावलंही. मी लावलं. हाताला सवयच तशी. जी आणायला गेलो होतो, तिच्यावरच गिरवून आलो. केलेलं मागे घ्यायला यू दाबत बसलो, पण यू फक्त समोरच्या फाइलीचं ऐकतं.

दुपारची ती ओळ अजून वर तशीच आहे. दोनदा डी दाबलं की जाईल. बघू.