सील बेच्या वाळूवर जाण्यापूर्वी

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्रकिनारा नाही. परभणीत उभा जन्म गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि तिथे हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी मी वर्षानुवर्षे काठावरूनच दुर्बिणीने पाहत आलो आहे. आमची लेक ॲडलेडला असते. दिवाळी आटोपून आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत, आणि तेव्हा कांगारू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील सील बे या राखीव क्षेत्रात ऑस्ट्रेलियन सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, पाहायचे असे ठरले आहे.

जागेचे नाव सील बे असले तरी हे प्राणी सील नव्हेत. सी लायनला बाहेर दिसणारे छोटे कान असतात, आणि मागचे वल्ह्यासारखे पाय पोटाखाली वळवून तो जमिनीवर चक्क चालू शकतो. खऱ्या सीलला मात्र पोटावर सरपटावे लागते. ही जात जगात फक्त दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर आढळते. एकोणिसाव्या शतकात कातडी आणि तेलासाठी तिची बेसुमार शिकार झाली, पुढे मासेमारीच्या जाळ्यांत अडकूनही पुष्कळ जीव गेले, आणि 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाने तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींत केली. सील बेवरची वसाहत सुमारे 800 प्राण्यांची आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, किनाऱ्यावर पसरलेला हा प्राणी आळशी नसून दमलेला असतो. मादी साधारण तीन दिवस खोल समुद्रात तळाशी बुड्या मारून भक्ष्य शोधते आणि मग जवळजवळ तितकेच दिवस वाळूवर विसावा घेते, पिल्लाला पाजते. लेकीने पाठवलेल्या एका चित्रफितीत ओली मादी पाण्यातून वर येते, थांबते, आवाज देते. वाळूच्या टेकाडामागून पिल्लू उत्तर देते आणि दोघे नाकाला नाक लावून एकमेकांना हुंगतात. आमच्या गोठ्यातली लाल कंधारी गाय चरून परतल्यावर दावणीच्या वासराला हंबरून अशीच साद घालत असे. म्हणूनच वाळूवर फक्त मार्गदर्शकाबरोबर आणि त्याने सांगितलेले अंतर राखूनच जाता येते, हा नियम मला जाचक वाटत नाही. वरून पाहण्यासाठी लाकडी पायवाटही आहे. हिचे गुडघे दुखतात, त्यामुळे ही पायवाटेवरून पाहील आणि मी पाऊण तासाच्या फेरीसाठी खाली वाळूवर उतरेन, असा तूर्त बेत आहे.

पिल्ले केव्हा दिसतील, हे महिना धरून सांगता येत नाही. त्यांच्या जन्माचा हंगाम दर 17 ते 18 महिन्यांनी येतो, त्यामुळे तो कधी उन्हाळ्यात तर कधी हिवाळ्यात पडतो. आपण पंचांगात अधिक मास धरून सणांना ऋतूशी बांधून ठेवले आहे. या प्राण्यांच्या वेळापत्रकाला ऋतूचे बंधन नाही. तेव्हा आपल्या सोयीने जावे आणि जे दिसेल ते मन भरून पाहावे, हेच बरे.

लेकीचा पहिला विचार सकाळी निघून रात्री परत येण्याचा होता, आणि त्याला मी स्पष्ट नकार दिला. ॲडलेडहून केप जर्विसपर्यंत शंभरेक किलोमीटर मोटारीने, तिथून पेनेशॉपर्यंत बोटीने 45 मिनिटे, आणि पुढे पुन्हा तासाभराहून अधिक रस्ता, एवढे करून घाईघाईने डोकावून येण्यात काय अर्थ आहे? शिवाय तिन्हीसांजेला कांगारू आणि त्यांच्यासारखेच पण लहान असे वॉलबी रस्त्यावर येतात, आणि त्या वेळी गाडी चालवणे त्यांच्याही जिवावर बेतते. आम्ही बेटावर दोन रात्री राहणार आहोत. नोव्हेंबरात तिकडे वसंत सरत आलेला असतो, तरी दक्षिण महासागराकडून येणारा वारा बोचरा असतो. म्हणून स्वेटर आणि कानटोप्या बॅगेत सर्वांत वर ठेवल्या आहेत.

शिदोरीचा प्रश्न मात्र अनपेक्षित निघाला. 1880 च्या दशकात या बेटावर इटलीतल्या लिगुरिया भागातून मधमाश्या आणल्या गेल्या आणि तो वंश तिथे आजवर शुद्ध राखला आहे. बाहेरच्या मधातून रोग जाऊ नये म्हणून बेटावर मध नेण्यास सक्त मनाई आहे. ही वैद्यांचे सितोपलादी चूर्ण रोज मधातून घेते, त्यामुळे बरणी कपाटातच राहील आणि चूर्ण कोमट पाण्यातून घ्यावे लागेल. तीळ-शेंगदाण्याची चटणी, लाडू वगैरे जे काही बरोबर असेल, ते ॲडलेडच्या विमानतळावर उतरताना अर्जात लिहून दाखवायचे, असे लेकीने दोनदा बजावले आहे.

बोटीचे आणि वाळूवरच्या फेरीचे आरक्षण ती या आठवड्यात करणार आहे. फेरी सकाळची घे, आणि दुसऱ्या दिवशी कोणताही कार्यक्रम ठेवू नकोस, एवढे मी तिला कळवले आहे. पहिल्या दिवशी पाऊस आला किंवा मन भरले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पायवाटेवर जाऊन बसता येईल.